नीलोफरचे तळे

फ्रेंच भाषेत पाण्यावर तरंगणाऱ्या एका फुलाला 'नेन्युफार' म्हणतात. उर्दू शिकवणाऱ्या माणसाच्या कानावर हा शब्द पहिल्यांदा पडला की तो थबकतोच. कारण हा तर आपला 'नीलोफर'! उर्दूत तो फार्सीतून आला. फार्सीत तो गेला संस्कृतातल्या 'नीलोत्पल' या शब्दावरून. पुढे फार्सीतून अरबीत, अरबी वैद्यकाच्या ग्रंथांतून मध्ययुगीन लॅटिनमध्ये आणि तिथून फ्रेंचमध्ये, असा या शब्दाचा प्रवास झाला. १९९० साली फ्रेंच शुद्धलेखनात काही सुधारणा सुचवल्या गेल्या, तेव्हा या शब्दातील ग्रीक वळणाची अक्षरे काढून साधे 'फ' अक्षर लिहावे, असे ठरले. हा शब्द ग्रीक नाही, तो अरबी-फार्सीतून आलेला आहे, हे त्यामागचे कारण. २०१६ साली ही सुधारणा शाळेच्या पुस्तकांत येणार म्हटल्यावर फ्रान्समध्ये त्यावरून मोठा गदारोळ झाला. एका फुलाच्या स्पेलिंगवरून एवढे भांडण, असे आपल्याला वाटेल. पण मराठीत ऱ्हस्व-दीर्घावरून काय काय होते हे ठाऊक असणाऱ्यांना त्याचे नवल वाटू नये.

या फुलाची जगातील सर्वांत प्रसिद्ध चित्रे एका फ्रेंच माणसाने काढली. त्याचे नाव क्लोद मोने. आयुष्याच्या शेवटच्या तीसेक वर्षांत त्याने स्वतःच्या बागेतील एका तळ्याची सुमारे अडीचशे तैलचित्रे केली. मराठीत या चित्रांना सर्रास 'कमळे' म्हटले जाते. भाषेचा शिक्षक म्हणून इथे थोडी दुरुस्ती सुचवतो. कमळाची पाने आणि फुले पाण्याच्या वर, देठावर उंच उठतात. मोनेच्या तळ्यातील फुलांची पाने पाण्यावर पसरलेली असतात आणि पानाला देठापर्यंत एक चीर असते. हे आपले कुमुद, म्हणजेच नीलोत्पलाच्या कुळातले फूल. तेव्हा नीलोफर हाच शब्द इथे अधिक चपखल बसतो.

पण हा लेख शब्दांपुरता नाही. या चित्रांमागे एक प्रश्न आहे आणि तो मला बरीच वर्षे पडलेला आहे. बाहेर माणसे मरत असताना एखाद्याने घरच्या तळ्यातील फुले रंगवत बसावे का? मोनेने ही मोठी चित्रे केली ती पहिल्या महायुद्धाच्या काळात. त्याच्या स्टुडिओपासून काही तासांच्या अंतरावर खंदकांत लाखो तरुण मारले जात होते. हा प्रश्न आपण आज त्याला विचारतो असे नाही. त्याने तो स्वतःच स्वतःला विचारला होता. त्याच्यापर्यंत पोहोचण्याआधी थोडा मागचा इतिहास पाहू.

ल आव्र ते अल्जियर्स

मोनेचा जन्म १४ नोव्हेंबर १८४० रोजी पॅरिसमध्ये झाला. तो लहान असतानाच कुटुंब ल आव्र या बंदराच्या गावी गेले. शाळेत त्याचे लक्ष नसे. वहीच्या समासात मास्तरांची व्यंगचित्रे काढायची, हा उद्योग. (अशी मुले प्रत्येक वर्गात एक-दोन असतातच. त्यांच्या वह्या जरा निरखून पाहाव्यात, एवढेच मी माझ्या सहकाऱ्यांना सांगेन.) ही व्यंगचित्रे गावातील एका दुकानात विकायला ठेवली जाऊ लागली. तिथेच त्याला यूजेन बूदां नावाचा चित्रकार भेटला. बूदां समुद्रकिनाऱ्यावर, उघड्या आभाळाखाली बसून चित्रे काढत असे. त्याने या पोराला चार भिंतींतून बाहेर नेले. आपण पाहायला शिकलो ते बूदांमुळे, असे मोने शेवटपर्यंत मानत आला.

१८६१ साली सैन्यभरतीच्या सोडतीत मोनेचा नंबर लागला आणि त्याला अल्जीरियात पाठवण्यात आले. फ्रान्सने अल्जियर्स १८३० साली जिंकले होते आणि त्या देशाची जमीन, वक्फाच्या मिळकती, गावे एकेक करून गिळली जात होती. वीस-एकवीस वर्षांचा मोने तिथे जेत्यांच्या घोडदळातील एक शिपाई होता. वर्षभरातच तो विषमज्वराने आजारी पडून घरी परतला आणि त्याच्या आत्याने पैसे भरून त्याला सैन्यातून सोडवले. पुढे म्हातारपणी तो सांगे की, अल्जीरियातील प्रकाशाचा आणि रंगांचा आपल्यावर किती परिणाम झाला होता हे आपल्याला फार उशिरा कळले. पुढच्या सगळ्या शोधाचे बीज तिथेच पडले होते. ही गोष्ट मोनेवरच्या बहुतेक लेखांत एका ओळीत आटोपली जाते. मला ती तशी आटोपावीशी वाटत नाही. ज्यांच्या जमिनीवरचा तो प्रकाश होता, त्या लोकांचे तेव्हा काय चालले होते, हेही त्या ओळीत यायला हवे. चित्राचे मोल त्याने कमी होत नाही. इतिहास मात्र पूर्ण होतो.

बागेतला खड्डा आणि कुंपणावरचा पक्षी

१८६६ साली मोनेने एक मोठे चित्र करायला घेतले. बागेत उन्हात वावरणाऱ्या चार स्त्रिया. कॅनव्हास अडीच मीटर उंच. तोवर रीत अशी होती की बाहेर जाऊन कच्ची टिपणे काढायची आणि मोठे चित्र स्टुडिओत पूर्ण करायचे. मोनेने ठरवले, चित्र बागेतच करायचे. पण अडीच मीटरच्या कॅनव्हासच्या वरच्या भागात हात कसा पोहोचणार? त्याने बागेत चर खणला आणि कप्पीने कॅनव्हास त्यात खालीवर करण्याची सोय केली. शिडीवर चढला असता तर डोळ्यांची पातळी बदलली असती आणि दिसणारे दृश्यही बदलले असते. त्यापेक्षा जमीन खणलेली बरी!

'बागेतल्या स्त्रिया' हे चित्र १८६७ च्या सरकारमान्य प्रदर्शनाने, म्हणजे 'सालों'ने, नाकारले. मोनेची अवस्था बिकट होती. त्याचा मित्र फ्रेदेरिक बाझील, जो स्वतः चित्रकार होता, त्याने ते चित्र २,५०० फ्रँकला विकत घेतले आणि दरमहा ५० फ्रँकच्या हप्त्याने पैसे फेडण्याचे कबूल केले. मित्राचा स्वाभिमान न दुखावता त्याची चूल पेटती ठेवण्याची ही रीत होती. बाझील १८७० च्या प्रशियाविरुद्धच्या युद्धात, वयाच्या २८ व्या वर्षी मारला गेला. हेच चित्र पुढे १९२१ साली फ्रेंच सरकारने दोन लाख फ्रँकला घेतले. म्हाताऱ्या मोनेने तशी अटच घातली होती.

दुसरे चित्र १८६८-६९ च्या हिवाळ्यातले. बर्फाने झाकलेले शेत, काटक्यांचे कुंपण, एक लाकडी फाटक आणि त्या फाटकावर बसलेला एकच पक्षी. हा मॅगपाय, कावळ्याच्या कुळातला काळा-पांढरा पक्षी. आपल्याकडचा दयाळ रंगाने साधारण तसा दिसतो, पण त्याचे कूळ वेगळे. चित्रात माणूस नाही. आहे तो एवढासा पक्षी आणि बर्फावर पडलेली कुंपणाची सावली. ही सावली काळी नाही, राखाडीही नाही. ती निळसर-जांभळी आहे.

सालोंने १८६९ साली हेही चित्र नाकारले. बर्फावरची सावली निळी असते हे परीक्षकांना पटण्यासारखे नव्हते. खरे तर थंड प्रदेशात राहणाऱ्या प्रत्येक फ्रेंच माणसाने ती निळी सावली लहानपणापासून पाहिलेली असणार. पण सावली काळी असते, हे त्याने शिकलेले होते. शिकलेले आणि पाहिलेले यांत वाद झाला की बहुतेक वेळा शिकलेलेच जिंकते. आज हे चित्र पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात आहे आणि लोक त्याच्यासमोर गर्दी करतात.

सन १८७४ : पॅरिस आणि लाहोर

१५ एप्रिल १८७४ रोजी पॅरिसमध्ये मोने, रन्वार, सिस्ले, पिसारो, देगा, बेर्त मोरिझो आणि त्यांच्या सोबत्यांनी सालोंला बगल देऊन स्वतःचे प्रदर्शन भरवले. छायाचित्रकार नादारच्या जुन्या स्टुडिओची जागा त्यांनी वापरली. मोनेच्या ल आव्र बंदरातील पहाटेच्या चित्राचे नाव होते 'इंप्रेशन, सूर्योदय'. लुई लरुआ नावाच्या समीक्षकाने त्या शब्दाची टिंगल करत एक लेख लिहिला आणि या मंडळींना 'इंप्रेशनिस्ट' म्हटले. टिंगलीचे नाव त्यांना कायमचे चिकटले. मराठीत आपण त्यांना दृक्‌प्रत्ययवादी म्हणतो.

आता याच वर्षी लाहोरमध्ये काय घडत होते पाहा. १८७४ च्या उन्हाळ्यात 'अंजुमन-ए-पंजाब'च्या वतीने मुहम्मद हुसैन आझाद यांनी नव्या धर्तीचे मुशायरे सुरू केले. रीतीप्रमाणे मुशायऱ्यात एक मिसरा दिला जाई आणि शायर त्या बेतात गझल बांधत. इथे मिसऱ्याऐवजी विषय दिला जाऊ लागला: पावसाळा, हिवाळा, आशा, मायभूमीचे प्रेम. अल्ताफ हुसैन हाली यांनी आपली 'बरखा रुत' ही नज्म याच मुशायऱ्यासाठी लिहिली. गुल आणि बुलबुल उर्दू शायरीत शेकडो वर्षे होतेच. पण तो गुल कुठल्या वाफ्यात उगवला, त्या बुलबुलने कुठल्या फांदीवर घरटे केले, हे शायराने पाहिलेले असावेच असे बंधन नव्हते. हाली आणि आझाद यांचे म्हणणे साधारण असे की, डोळ्यांसमोरचा पाऊस आधी पाहा.

पॅरिसच्या चित्रकारांना लाहोरची खबर नव्हती आणि लाहोरच्या शायरांना पॅरिसची. दोन्हीकडची कारणेही निराळी होती. लाहोरमागे १८५७ नंतरचा पराभव आणि इंग्रजी अमलाचा रेटा होता. पॅरिसमागे कथलाच्या नळीत मिळणारे तयार रंग, रेल्वे आणि छायाचित्रण होते. पण साचलेल्या संकेतांतून बाहेर पडून समोरचे पाहण्याची निकड दोन्हीकडे एकाच वर्षी बोलून दाखवली गेली. उर्दूच्या वर्गात मी १८७४ हे साल फळ्यावर लिहितो, तेव्हा ही दोन्ही शहरे शेजारी-शेजारी लिहितो.

याचा मला शिकवतानाही उपयोग होतो. 'माझी आवडती बाग' या निबंधात पोरे लिहितात, 'बागेत रंगीबेरंगी फुले आहेत आणि पक्षी मंजुळ गात आहेत.' मराठीत हेच, उर्दूतही हेच. मी त्यांना शाळेच्या आवारातील कडुनिंब सकाळच्या परिपाठाला पाहायला सांगतो, मग दुपारच्या सुट्टीत आणि मग शाळा सुटताना. पाने कुठल्या रंगाची दिसली ते लिहा. 'हिरवी' हा शब्द चालणार नाही. पहिल्या दिवशी पोरे हसतात. आठवड्याने एखादी मुलगी लिहिते की दुपारी पानांवर चुन्याचा हात फिरवल्यासारखे वाटत होते. त्या एका ओळीसाठी आठवडा गेला तरी चालतो.

टर्की, मन्सूर आणि कामीय

१८७६-७७ मध्ये एर्नेस्त ओशदे या श्रीमंत कापड व्यापाऱ्याने आपल्या हवेलीच्या सजावटीसाठी मोनेकडून चित्रे करून घेतली. त्यांत एक चित्र पांढऱ्या टर्की पक्ष्यांचे आहे. उतरत्या गवतावर हे पक्षी चरत आहेत आणि मागे हवेली दिसते आहे. पांढऱ्या पिसांवर गवताचा हिरवा आणि संध्याकाळचा गुलाबी रंग उतरला आहे. टर्कीला फ्रेंचमध्ये 'दँदों' म्हणतात. त्याचा अर्थ 'हिंदचा'. इंग्रजांना तो तुर्कस्तानचा वाटला. पक्षी मूळचा अमेरिकेचा. कुठलीही अनोळखी वस्तू आली की तिला पूर्वेचा शिक्का मारायचा, ही युरोपची जुनी सवय.

हाच पक्षी १६१२ साली गोव्याहून मुघल दरबारात पोहोचला. जहांगीरच्या हुकुमाने मुकर्रब खानाने गोव्याच्या बंदरातून दुर्मिळ पशुपक्षी खरेदी करून आणले, त्यांत तो होता. बादशहाने आपल्या आत्मचरित्रात त्याचे बारीक वर्णन लिहून ठेवले आणि दरबारातील चित्रकारांना या प्राण्यांची चित्रे काढायला सांगितले. उस्ताद मन्सूरने काढलेला टर्की आज लंडनच्या संग्रहालयात आहे. पुढे १६२० मध्ये काश्मीरच्या मुक्कामात मन्सूरने शंभराहून अधिक फुले रंगवली, असे जहांगीर लिहितो. मन्सूरच्या पक्ष्याचे एकेक पीस मोजता येते, नखे मोजता येतात. मोनेच्या पक्ष्यांत पीस शोधूनही सापडत नाही. सापडतो तो संध्याकाळचा प्रकाश. मन्सूरला पक्षी कसा आहे हे सांगायचे होते, मोनेला तो त्या घटकेला कसा दिसला हे. दोघांनीही आपापल्या परीने पाहण्याची मेहनत केली आणि एकाला मोठे करण्यासाठी दुसऱ्याला लहान करण्याची काही गरज नाही.

टर्कीचे चित्र झाले त्याच वर्षी ओशदे दिवाळखोरीत निघाला. मग ओशदे आणि मोने ही दोन कुटुंबे व्हेतय या गावी एकाच घरात राहू लागली. मोनेची पत्नी कामीय आजारी होती. 'बागेतल्या स्त्रिया' या चित्रासाठी तीच उभी राहिली होती. ५ सप्टेंबर १८७९ रोजी, वयाच्या अवघ्या ३२ व्या वर्षी ती गेली. मोनेने तिच्या मृत चेहऱ्याचे चित्र काढले. बऱ्याच वर्षांनी त्याने आपला मित्र क्लेमांसो याला सांगितले की, तिच्या उशाशी बसलेला असताना आपले डोळे नकळत तिच्या चेहऱ्यावर मृत्यूने चढवलेल्या निळ्या, पिवळ्या, करड्या छटा टिपत असल्याचे लक्षात आले आणि आपण हादरून गेलो. पाहण्याची सवय इतकी हाडीमासी भिनली की ती शोकालाही सोडत नाही. हे वरदान म्हणावे की शाप, हे मोनेलाही ठरवता आले नाही.

परवानगी मागून केलेले तळे

१८८३ च्या वसंतात मोने पॅरिसपासून सुमारे ७५ किलोमीटरवरच्या जिव्हेर्नी या खेड्यात आला. त्याची दोन मुले, ओशदेची पत्नी आलिस आणि तिची सहा मुले असे दहा जणांचे खटले होते. घर भाड्याचे. १८९० मध्ये परिस्थिती सुधारली तेव्हा त्याने ते २२,००० फ्रँकला विकत घेतले. ओशदेच्या मृत्यूनंतर १८९२ मध्ये त्याने आलिसशी लग्न केले.

घरासमोर फळझाडांची वाडी होती. तिथे त्याने ट्युलिप, आयरिस, खसखशीची फुले, गुलाब, डेलिया लावले. ट्युलिप युरोपात आला तो उस्मानी तुर्कांकडून आणि फुलाचा आकार पागोट्यासारखा म्हणून त्याला पागोट्याचे तुर्की-फार्सी नाव पडले. आपल्या उर्दूत तो 'लाला'. डेलिया मेक्सिकोचा. एका फ्रेंच खेड्यातील वाफ्यांत अर्धे जग नांदत होते.

१८९३ साली मोनेने रस्त्यापलीकडची, रेल्वेरुळांच्या पल्याडची दलदलीची जमीन घेतली. तिथल्या ओढ्याचे पाणी वळवून तळे करायचे, असा बेत. त्यासाठी सरकारी परवानगी लागत होती. गावकऱ्यांनी हरकत घेतली. हा माणूस परदेशी झाडे लावणार, त्यांनी ओढ्याचे पाणी नासेल, खालच्या अंगाला आमच्या बायका कपडे धुतात, गुरे पाणी पितात, त्यांचे काय? मोने चिडला, त्याने तणतणत पत्रे लिहिली. पण त्याने अर्जही केले, समजावूनही सांगितले आणि अखेर परवानगी मिळाली. गावकऱ्यांना अडाणी म्हणून हसण्याचा मोह होतो. मला तसे वाटत नाही. पाणी त्यांचेही होते आणि विचारण्याचा हक्कही.

तळ्यात लावलेली रंगीत नीलोफर ही त्या काळची नवलाईच होती. युरोपच्या थंड पाण्यात पांढरेच फूल टिके. लातूर-मार्लियाक नावाच्या फ्रेंच बागाइतदाराने निरनिराळ्या देशांतील जातींचा संकर करून गुलाबी, पिवळी, तांबडी फुले तयार केली आणि १८८९ च्या पॅरिस प्रदर्शनात मांडली. आयफेल टॉवर उभा राहिला तेच हे प्रदर्शन. मोनेने आपली रोपे त्याच्याकडून मागवली. तळ्यावर हिरवा कमानदार पूल बांधला. तो जपानी धर्तीचा. होकुसाई, हिरोशिगे, उतामारो यांच्या लाकडी ठशांच्या चित्रांचा मोनेकडे दोनशेहून मोठा संग्रह होता आणि घराच्या भिंती त्यांनी भरल्या होत्या. फुले आणि पक्षी यांची जोडी हा जपानी चित्रकलेत एक स्वतंत्र प्रकारच आहे.

या बागेत पुढे सहा-सात माळी राबत होते. एक माळी फक्त तळ्यासाठी. रोज सकाळी होडीत बसून तो पाण्यावरची घाण काढी, सुकलेली पाने खुडी, पानांवरची धूळ धुई, म्हणजे मालक येईपर्यंत तळे आरशासारखे व्हावे. शेजारच्या रस्त्यावरून मोटारी जाऊ लागल्या तशी धूळ वाढली, तेव्हा मोनेने स्वतःच्या खर्चाने त्या रस्त्यावर डांबर टाकून घेतले. निसर्गातून प्रेरणा घेणारा चित्रकार, असे आपण त्याच्याविषयी म्हणतो. खरे तर हा निसर्ग आधी खणावा लागला, पाजावा लागला, रोज पुसावा लागला. चित्रांखाली सही एकट्या मोनेची आहे. पण होडीतल्या त्या माळ्याचा हातही त्या पाण्यात आहे, हे विसरू नये.

तोफा, मोतीबिंदू आणि लाज

१९०९ च्या मे महिन्यात पॅरिसमध्ये या तळ्याची ४८ चित्रे एकत्र मांडली गेली आणि फार गाजली. त्यानंतर मात्र मोनेवर घाव बसू लागले. १९११ मध्ये आलिस गेली. १९१२ मध्ये डॉक्टरांनी दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू असल्याचे सांगितले. १९१४ च्या फेब्रुवारीत थोरला मुलगा जाँ गेला. ऑगस्टमध्ये महायुद्ध सुरू झाले. धाकटा मुलगा मिशेल सैन्यात गेला. जर्मन सैन्य पॅरिसच्या दिशेने येत होते, लोक गाव सोडत होते. ७३ वर्षांचा मोने हलला नाही. मरण यायचेच असेल तर आपल्या चित्रांमध्ये येऊ दे, अशा आशयाचे त्याने मित्राला लिहिले.

आणि मग डिसेंबर १९१४ मध्ये, पुन्हा काम सुरू केल्यावर, गुस्ताव जेफ्रुआ या मित्राला लिहिलेल्या पत्रात त्याने ती कबुली दिली. इतकी माणसे सोसत आणि मरत असताना आपण रंग आणि आकार यांच्या छोट्याशा शोधात गुंतलो आहोत, याची आपल्याला लाज वाटते, असे त्याने लिहिले. तरीही त्याने काम थांबवले नाही. १९१५ मध्ये त्याने मोठा स्टुडिओ बांधला आणि दोन-दोन मीटर उंचीचे पट रंगवायला घेतले. आलिसची मुलगी आणि जाँची विधवा ब्लांश त्याच्यासोबत राहत होती. ती स्वतः चित्रकार होती. घर आणि स्टुडिओ तिनेच सांभाळला.

डोळे साथ देत नव्हते. रंग ओळखू येईनात, तेव्हा तो नळ्यांवरची नावे वाचून आणि पॅलेटवरची जागा ठरवून काम करी. याच काळातील पुलाची काही चित्रे लाल-तपकिरी ज्वाळांसारखी दिसतात. शस्त्रक्रियेची त्याला भीती वाटत होती. क्लेमांसो, जो मूळचा डॉक्टर आणि युद्धकाळातील फ्रान्सचा पंतप्रधान, त्याच्या मागे लागला होता. १९२३ मध्ये उजव्या डोळ्यावर शस्त्रक्रिया झाल्या. मग सगळे निळेच दिसू लागले आणि म्हातारा आणखी वैतागला. निरनिराळ्या काचांचे चष्मे झाले. हळूहळू तो पुन्हा रंगांपाशी आला.

युद्ध ११ नोव्हेंबर १९१८ रोजी संपले. दुसऱ्याच दिवशी मोनेने क्लेमांसोला पत्र लिहून दोन चित्रे देशाला देऊ केली. विजयात सहभागी होण्याचा आपल्याकडे एवढाच मार्ग आहे, असे त्याचे म्हणणे. दोनाचे वाढत वाढत बावीस पट झाले. त्यांची मिळून लांबी सुमारे ९० मीटर. दानपत्रावर १९२२ मध्ये सह्या झाल्या, पण मोने चित्रे हातावेगळी करायला तयार नव्हता. प्रत्येक वेळी काहीतरी राहिलेलेच असे. ५ डिसेंबर १९२६ रोजी तो वारला तेव्हा ती स्टुडिओतच होती. अंत्ययात्रेच्या वेळी शवपेटीवर काळे कापड पाहून क्लेमांसोने ते काढायला लावले आणि फुलाफुलांचे कापड घातले, अशी आख्यायिका आहे. मोनेसाठी काळे नको, असे तो म्हणाला म्हणतात.

नारंगीच्या घरात

हे बावीस पट १७ मे १९२७ रोजी पॅरिसच्या 'ओरांजेरी' या इमारतीत, दोन लंबगोल दालनांत लोकांसाठी खुले झाले. ओरांजेरी म्हणजे नारंगीचे घर. राजवाड्याच्या बागेतील संत्र्याची झाडे हिवाळ्यात थंडीपासून वाचवण्यासाठी ती १८५२ मध्ये बांधली होती. फ्रेंच 'ओरांज' हा शब्दही संस्कृत-फार्सी 'नारंग' आणि अरबी 'नारंज' यांच्यावरूनच गेलेला. म्हणजे आपल्याकडून निघालेले दोन शब्द, नीलोफर आणि नारंग, हजारो मैलांचा प्रवास करून पॅरिसमध्ये एका छपराखाली भेटले!

या दालनांत मोनेने दिवसाचा उजेड वरून झिरपत येईल अशी योजना केली होती. पण बराच काळ तिथे फारसे कोणी फिरकत नसे. दुसऱ्या महायुद्धात १९४४ च्या ऑगस्टमध्ये इमारतीवर तोफगोळे पडले. १९६० च्या दशकात वर आणखी एक मजला चढवला आणि त्या चित्रांचा नैसर्गिक उजेडच बंद झाला. जो माणूस आयुष्यभर उजेड रंगवत होता, त्याचीच चित्रे विजेच्या दिव्यांखाली कोंडली गेली. ही चूक दुरुस्त व्हायला २००६ साल उजाडले. जिव्हेर्नीची बागही ब्लांशच्या निधनानंतर उजाड झाली होती. पूल कुजला, काठ ढासळले, काचा फुटल्या. १९७७ पासून तिची डागडुजी झाली आणि १९८० मध्ये ती लोकांसाठी उघडली.

आता पहिल्या प्रश्नाकडे येऊ. लोक मरत असताना फुले रंगवावीत का? आपल्या समाजात हा प्रश्न चित्रकलेपुरता नसतो. चित्रकलेचा तास रद्द करून गणिताचा घेतात, वाचनालयाला खर्च नको म्हणतात, शायरी म्हणजे रिकामटेकड्यांचे काम समजतात. ज्यांच्या घरी पोटाची चिंता आहे किंवा ज्यांच्या वस्तीत भीती आहे, त्यांनी फुलाकडे पाहू नये, असे आपण बोलून न दाखवताही मानतो. मला वाटते मोनेचे उत्तर त्याच्या त्या पत्रातच आहे. त्याला लाज वाटली आणि त्याने काम केले. त्याने युद्धाकडे पाठ फिरवली नाही. त्याला मुलाची काळजी होती, मेलेल्यांचे भान होते. जी गोष्ट त्याला येत होती ती त्याने पूर्ण ताकदीने केली आणि युद्ध संपताच ती स्वतःजवळ न ठेवता सर्वांना देऊ केली. लाज वाटू न देता रंगवणे निराळे आणि लाजेपायी ब्रश टाकून देणे निराळे. मोने या दोन्हींच्या मधल्या अवघड वाटेने बारा वर्षे चालला.

युद्धातले सेनापती, तह, नकाशे यांची नावे आता परीक्षेपुरती उरली आहेत. ते तळे मात्र अजून तिथे आहे. सकाळी कुणीतरी त्यातली सुकलेली पाने काढत असेल.